रुपयातला आणा

पहाटे चार. ओझरला टेस्ट-शेडच्या उघड्या दारात
पारा साडेतीनवर.
तिकडे निफाडला बागांमधून शेकोट्या पेटल्यात,
माझा साडू कानाला मफलर बांधून
घडांखाली धूर सरकवत असेल.
त्याचं सगळं गणित थंडी हटवण्याचं.
मी मात्र आज थंडीवर खूश.

अँटेना काढून ठेवलीय. रिसीव्हरच्या तोंडाला डमी लोड.
म्हणजे आकाशच बंद.
तरीही स्क्रीनवर गवत हलतंय.
(गवत हा शब्द गायधनींचा. ते म्हणायचे,
कापता येत नाही, फक्त किती वाढलंय ते मोजायचं.)

यामिनी बोरस्ते, नोकरीला सहा महिने,
हातमोज्यांतूनच कीबोर्ड बडवत विचारते,
सर, काहीच जोडलं नाही, मग हे काय येतंय?
तापमान, मी म्हणतो.
ज्याच्यात जराशी ऊब आहे ते गप्प बसत नाही.
म्हणून आज गोंगाट कमी:
हिशोबाने दोन दशांश डेसिबल.
मीटरवर तेवढाही नाही,
कारण अॅम्प्लिफायर स्वतःची कुरकुर त्यात मिसळतो.

आणि सिग्नल?
अंतर दुप्पट झालं की परत येतो सोळावा हिस्सा,
रुपया पाठवावा आणि आणा हाती यावा.
चौपट अंतरावर पैसुद्धा नाही.
यामिनी हसते. तिने आणे पाहिलेले नाहीत.
मीही नाही खरं तर, आजोबांच्या डब्यात सोडून.

तिने मॉडेल सुरेख लिहिलंय.
खोट्या इशाऱ्याची शक्यता, दहा लाखांत एक.
ऐकायला काय, नगण्य.
पण हा रिसीव्हर सेकंदाला दहा लाख वेळा विचारतो,
आहे का? आहे का? आहे का?
म्हणजे दर सेकंदाला एक थाप.
ती उंबरठा वर सरकवते, दहा कोटींत एक.
आता दीड-पावणेदोन मिनिटांनी एक.
थापा कमी झाल्या.
लांबचे, अशक्त, खरे
तेही त्याच उंबरठ्याशी अडखळून पडले
आणि पडल्याचा आवाज आला नाही.

गायधनींच्या रजिस्टरमध्ये एक जास्तीचा रकाना असे,
कुणी न सांगितलेला:
दिसलं, पण धरलं नाही.
एकतीस वर्षं. वेळ, दिशा, अंतर,
शेवटी बारीक अक्षरात कधी "ढग?" कधी "मन?"

पावणेसहाला आम्ही अँटेना जोडली.
आग्नेयेला, एकवीस किलोमीटर,
नांदूर मधमेश्वरच्या पाण्याच्या अंगाला
गवतातून काहीतरी डोकं काढतंय.
एका फेरीत रेषेच्या वर. पुढच्या दोन फेऱ्यांत खाली.
मग रेषेवरच, टेकलेलं.
बदकं? करकोचे? धूर तर रडारला दिसत नाही.
यामिनी म्हणाली, सोळा पल्स एकत्र करू,
खरं असेल तर एकमेकांना ओळखतील,
गोंगाटाची गोंगाटाशी ओळख नसते.
केल्या. किंचित वाढलं.
किंचितच.

तेवढ्यात खिशात फोन. साडूचा. एक रिंग, आणि बंद.
उलट लावला तर उचलेना.
एका रिंगवरून काय ठरवायचं?

ती रजिस्टर उघडून बसली होती.
तो रकाना तिने स्वतःच आखला, पट्टी न लावता,
वाकडाच. वेळ लिहिली, दिशा लिहिली.
शेवटच्या जागेपाशी पेन थांबलं,
बॉलपेनची शाई थंडीने धरेना,
ती तोंडाशी नेऊन फुंकर घालत राहिली.