बी फ्रॉम

चोपड्यात एस.टी. स्टँडमागे, वेफर्सच्या दुकानावर
आमचा इंग्रजीचा वर्ग, सात ते आठ.
केळी तळल्याचा वास जिन्याने वर येतो
आणि व्याकरणात मुरतो.

फळ्यावर लिहिलं : बी फ्रॉम.
म्हटलं, याच्या आधी एक खुर्ची रिकामी धरा.
मस्ट येऊन बसला, की माणूस तिथलाच असणार, लावा पैज.
माइट बसला, की असेलही बुवा.
कान्ट बसला, की छे, तिथला कसा असेल!
बी मात्र तसाच. त्याला ना एस लागत, ना इंग.

मग उदाहरणं, एकमेकांवरच.
हिंमतराव मस्ट बी फ्रॉम अमळनेर,
शाळेला शाया म्हणतो. वर्ग हसला,
सर, मंग आम्ही कोठला शेतस?

शेवटच्या बाकावर सायकी पावरा, नर्सिंगची.
तिच्यावर सगळ्यांनी वाक्यं केली :
माइट बी फ्रॉम एम.पी.,
कुड बी फ्रॉम धडगाव,
एकाने हळूच कान्ट लावला, फ्रॉम हिअर.
वाक्य बरोबर होतं.
मी बरोबरची खूण केली.

ती उठली. आय ॲम फ्रॉम अनेर.
अनेर तर नदी आहे, कुणीतरी म्हणालं.
हो, म्हणाली, आणि बसली.

खुर्ची रिकामीच राहिली.
नदी कुठली असते, हे तिला विचारायचं होतं,
पण त्या वाक्यात मस्ट घालू की मे,
मलाच ठरेना.
खाली नवा घाणा कढईत पडला.