पोटचे

पहाटे तीन चाळीसला यंत्राचा दिवा लागला.
बाटली सतरा. डावा हात, दुसरा नमुना.
वाल्दिव्हियात एवढ्या रात्री जागे असतात
मासळीबाजाराच्या धक्क्यावरचे समुद्रसिंह,
आणि मी.

चिठ्ठीवर: एलेउतेरियो कात्रिलेफ, एकाहत्तर.
मोठ्या आतड्याचा तुकडा काढून जोडलेला.
पाचवा दिवस. रात्री दहाला हुडहुडी.
मी हा माणूस पाहिलेला नाही.
माझ्याकडे येतं ते त्याचं दोन चमचे रक्त.

थेंब पसरला, वाळवला, रंगवला, धुतला,
भिंगावर वाकले.
गुलाबी काड्या.
शिवता शिवता कुणी मांडीवरून
दोऱ्याचे तुकडे झटकावेत, तशा.

ओळखीच्याच.
माझ्या पोटात आहेत, सिस्टर हिमेनाच्या,
धक्क्यावर भुंकणाऱ्या त्या जनावरांच्याही.
त्याला त्या आईने दिल्या
नाव ठेवायच्याही आधी.
तेव्हापासून पोसल्या त्याने
बटाट्यांवर, शिंपल्यांच्या रश्शावर,
रविवारी सफरचंदाच्या दारूवर.
त्यांनीही कधी भाडं थकवलं नाही.

यांना शत्रू म्हणायला जीभ रेटत नाही.
पोटचे म्हणावं, तर तेच खरं.
एक टाका सैल झाला, एवढंच.
दार किलकिलं दिसलं
की पोरं धावतात अंगणात
आणि अंगणात
रक्त होतं.

फोन उचलला हिमेनाने.
मी नाव सांगितलं जंतूचं, तिने ते परत म्हणून दाखवलं,
नियमच आहे तसा.
मग म्हणाली, जाळी विणायचा हा.
काल डॉक्टर ओयार्सूनना विचारत होता,
कुठली गाठ मारलीत?
म्हणाला, जाळं जुन्या दोऱ्यात फाटत नाही,
नव्यातही नाही.
दोन्ही जोडले तिथे फाटतं.
डॉक्टर हसले होते.
आता खाली गाडी लावतायत.

मी राहिलेला थेंब ताटलीवर ओढला,
औषधाच्या चकत्या मांडल्या.
आधी यांना पोटभर खाऊ घालायचं,
मग कशाने मरतात ते बघायचं.
उद्या दुपारपर्यंत कळेल.
त्याच्याकडे दुपार आहे का,
ते या खोलीत कळत नाही.

हात धुतले. पुन्हा धुतले.
बाहेरच्या बाकावर डबा उघडला,
पाव, वर चुरलेला ॲव्होकाडो, मीठ.
पहिला घास गिळताना जाणवलं,
मी कधीच एकटी जेवलेले नाही.