ग्राहक क्रमांक सतरा

मांडवीच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर
पंखा बंद ठेवून मी वारा मोजते.
कागद उडतात, म्हणून पंखा बंद.
वारा पडद्यावर आहे: नैऋत्येकडून, सेकंदाला दोन पूर्णांक एक मीटर,
आणि महीकाठचा सगळा पट्टा
शंभर-शंभर मीटरच्या चौकटींत,
मॅटीच्या कापडासारखा.
धुरांड्यापाशी लाल टाका, मग केशरी, मग विटका पिवळा.
माणसं राहतात तिथे काळा ठिपका.
त्या ठिपक्याला आमच्यात रिसेप्टर म्हणतात.
अहवालाचं भाषांतर करणाऱ्या गृहस्थांनी
सरळ ‘ग्राहक’ लिहून टाकलं
आणि ढमढेरे सरांनी तसंच सही करून पुढे पाठवलं.

ग्राहक क्रमांक सतरा. रायणपुरा, बोअरजवळ.
काहीही विकत न घेतलेला.

मॉडेलमध्ये एक माणूस असतो.
साठ किलोचा.
रोज दोन लिटर पाणी पितो, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही,
सत्तर वर्षं जगतो, ठरल्याप्रमाणे.
दिवसाला शंभर मिलिग्रॅम माती त्याच्या पोटात जाते,
कशी, ते तो सांगत नाही.
त्याला घाम येत नाही. त्याच्याकडे पाहुणे येत नाहीत.
चार वर्षं मी त्याला ओळखते,
अजून त्याने माझं नाव विचारलेलं नाही.

नमुने कमी पडले म्हणून मे महिन्यात मी स्वतः गेले.
सतरा नंबरच्या जागी जशीबेन वसावा होत्या,
रंगाच्या कारखान्याची रिकामी पोती धुऊन वाळत घालत.
टाचांच्या भेगांत जांभळी रेघ,
घासूनही न गेलेली.
मी म्हटलं म्हणून दुकानातल्या धान्याच्या काट्यावर चढल्या,
पदर तोंडाशी धरून हसत:
एक्केचाळीस.
पाणी किती पिता?
त्यांनी कळशीकडे बोट केलं. उन्हाळ्यात पाच लिटर होतच असणार.
सून गरोदर, उंबऱ्यात बसून भूतडो चघळत होती,
भाजलेली माती, खरपूस वासाची.
किती खातेस गं?
तिने मूठ उघडून दाखवली.

मुठीसाठी रकाना नाही.
पोती धुणाऱ्या हातांसाठीही नाही.

रात्री ऑफिसात साठाच्या जागी एक्केचाळीस घातले,
दोनाच्या जागी पाच.
धोक्याचा आकडा आधी शून्य पूर्णांक आठ होता.
एकाच्या आत. एकाच्या आत म्हणजे सगळ्यांनी झोपावं.
आता दोन पूर्णांक त्र्याण्णव.
साधं त्रैराशिक, शाळेतलं,
त्याला संगणकसुद्धा लागत नाही.

सर वाईट नाहीत.
डबा खाताना लोणच्याची फोड माझ्या झाकणात ठेवत म्हणाले,
अगं, प्रत्येक बाईसाठी वेगळी नदी कुठून आणायची?
सरासरीला धरून चाल.
लोणचं छान होतं. मी तसं सांगितलंही.
फाइल दोन नावांनी ठेवली.
एक पुढे गेली.

आमचा नकाशा छाणी रस्त्याशी संपतो.
त्याच्या अलीकडे शहर, दांडिया बाजार, आमचं तिसऱ्या माळ्यावरचं घर.
तिथे आकडा शून्य नाही.
तिथे विचारलेलंच नाही.
कधी संध्याकाळी वारा फिरतो,
आई खिडकी लावून घेते, म्हणते,
आज पुन्हा कडू बदामासारखं काहीतरी.
मी दिशा बघते. सवयीने.

हां, एक सांगायचं राहिलं.
निघताना जशीबेननी लोटा पुढे केला होता.
माझ्या पिशवीत त्याच बोअरच्या सहा बाटल्या,
चिकटपट्टीवर तारीख, वेळ, माझी सही.
डोक्यावर पत्रा उन्हाने तडतडत होता.
पाण्याला रंग नव्हता.
त्या बघत होत्या, मी पिते की नाही.

प्यायले. साधारण दोनशे मिलिलिटर.
वजन माझं चोपन्न.