सतरावं मांजर

रुवीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून
मी फिंजानांवर मांजरं काढते.
या कपांना कान नसतात,
म्हणून मांजरांना जरा मोठेच देते.

आधी नुसतीच काढायचे,
येईल त्याच्या हातावर ठेवायचे.
मग शाळेच्या हॉलमधल्या स्टॉलवर
शमसाबाईंनी कप उलटा करून विचारलं,
"केवढ्याला?"
कोरे कप, रंग, भट्टीचं भाडं, सगळं लिहिलेलं होतं.
पण रात्री दोनला शेपटीचं वळण जमलं
आणि मी एकटीच हसले,
ते कुठल्या रकान्यात मांडायचं?
"साडेतीन रियाल," म्हणाले,
चोरी कबूल केल्यासारखी.
त्यांनी वीस सांगितले.
अगदी असेच.

असेच!
सातव्या मांजराला माझा कंटाळा आला.
बाराव्याने पाठ फिरवली.
हेरंबने परवान्याचा फॉर्म आणला,
धंद्याच्या नावाची जागा आठवडाभर कोरी.
सतरावं मात्र
एसीच्या पेटीवर पसरलेल्या
खऱ्या बोक्याकडे बघता बघता उतरलं:
एक कान फाटका, नजर उर्मट.
ते बाजूला ठेवलं.
वीस भरायला एकविसावं काढलं.

आता फॉर्मवर नाव आहे, कपाखाली शिक्का,
महिनाअखेरीस चार पैसे.
सतरावा स्टॉलवर माझ्या चहाला असतो.
कुणी विचारलंच, तर त्याची किंमत
वाट्टेल ती सांगते.
परवा एकजण खरंच
पाकीट काढू लागला,
आणि माझ्या पोटात
धस्स झालं.