मुका मार

तक्रारदाराचा रकाना कोरा होता.
म्वेआच्या ठाण्यात, भातकापणीच्या दिवसांत,
सार्जंट किपरोनोनं पेन थांबवून विचारलं,
"नाव कुणाचं लिहू?"

गाढव दारातच उभं. खांद्यावर जुवाची जखम,
तिला कुणीतरी ग्रीस फासलेलं,
माशा बसू नयेत म्हणून, की दिसू नये म्हणून.
संस्थेच्या वांगेचीनं पिशवीतून शाळेची पट्टी काढली.
अकरा सेंटिमीटर.
मग पाठीवरून हात नेत नेत
एका जागी थांबली.
"इथं तर काहीच दिसत नाही," सार्जंट म्हणाला.
"दाबून बघा."
त्यानं दाबलं. गाढव ओरडलं नाही.
चारही पाय फक्त एकदम आखडले.

मुरिमी, गाडीवान, एकोणीस वर्षांचा, बाकावरून म्हणाला,
"मिलवाले नऊ पोती लादतात.
सात म्हटलं की दुसऱ्याला बोलावतात."
तिनं हेही लिहायला लावलं:
मिलचं नाव, नऊ पोती.

सार्जंटच्या घरी, बारिंगोत,
पाणी वाहणारं एक गाढव होतं.
त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं;
नावं मात्र सगळेच ठेवायचे.
हे तो कुणाला बोलला नाही.

कोऱ्या रकान्यात वांगेचीनं स्वतःचं नाव लिहिलं.
गाढव आवारात बांधलं, पावती फाडली:
मुद्देमाल, नग एक.

रात्रपाळीत सार्जंट बादली ठेवून आला.
तो उभा होता तोवर ते प्यायलं नाही.
आत येऊन त्यानं दिवा मालवला,
खिडकीशी बसला.
पाण्याचा आवाज यायला
बराच वेळ लागला.