कानाची खूण

मेणात बसवलेला मेंदू कापायचा
तर बोटं आधी गार करून घ्यावी लागतात.
हे मला कुणी शिकवलं नाही.
खिडकी उघडी राहिली, समुद्रावरचा वारा आत आला,
तेव्हाच काप नीट पडायला लागले,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

मेंढी क्रमांक सदतीस. वय सहा. तोंड पांढरं, पोट काळं.
आधी मागचा एक पाय ओढू लागली,
मग ओठ थरथरू लागले, काही सांगायचं असल्यासारखे,
आणि एका सकाळी बसली ती बसलीच.
खाणं शेवटपर्यंत चालू. डोळे स्वच्छ.
आमच्या भाषेत या रोगाला विस्ना म्हणतात.
वाळत जाणं.
गवताचं वाळणं वेगळं, ते पिवळं पडून सांगतं तरी.

काच जांभळ्या रंगात बुडवली, धुतली, भिंगाखाली सरकवली.
आडवी कापली गेलेली एक रक्तवाहिनी, गोल,
आणि तिच्याभोवती पेशींचं रिंगण:
वाटोळ्या, गडद, अंगाला अंग घासत,
मागून आणखी येताहेत, जागा नाही तरी येताहेत.

मी हे पाहिलेलं आहे.
सप्टेंबरात डोंगरावरून कळप उतरले
की काल्दाकोतच्या गोल दगडी वाडग्यात अशीच दाटी व्हायची.
कडेनं घराघराचे खण. मधे नुसती लोकर आणि वाफ.
वडील, केतिल, मेंढी दोन गुडघ्यांत धरायचे,
कान उलगडून अंगठ्यानंच वाचायचे:
उजव्याला टोकाशी काप, डाव्याला मागून खाच.
आपली आहे. सोड.
अंधार पडला तरी त्यांचा अंगठा चुकत नसे.

या जांभळ्यासुद्धा खूणच शोधताहेत.
पण परका आत शिरला तो घरच्याच पेशीत राहायला,
तिचंच मीठ खाऊन, वर्षानुवर्षं गप्प.
वाचणार कुणाचा कान?
मग त्या दिसेल त्यावर तुटून पडतात,
आणि तंतूंवरचं पांढरं आवरण उडून जातं.
डॉक्टर स्नायब्योर्न भिंगावरून डोळा न काढता म्हणाले,
"बेर्गल्योत, विषाणूनं इथं फारसं मोडलेलं दिसत नाही.
मोडतोड बहुतेक राखणदारांचीच."
मी वहीत लिहून घेतलं. शाई जरा फुटली.

आमच्याकडे कागद आला तेव्हा मी अकरा वर्षांची.
आजारी कोणती, धड कोणती, वेगळं काढता येत नाही,
म्हणून सगळी.
दोनशे बारा.
बंदुका घेऊन आले ते शेजारचेच,
वसंतात आमच्या गोठ्यात रात्रभर कंदील धरून उभे राहिलेले.
फ्लेक्का त्यांना ओळखत होती. पुढे गेली, खिसा हुंगायला.

कुणाचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.
दरी वाचली, हे खरं.
पण त्या उन्हाळ्यात गवत कमरेएवढं वाढलं,
आणि वडील संध्याकाळी फाटकात उभे राहून ओठ हलवायचे.
आई म्हणाली, विचारू नकोस.
मला वाटलं होतं प्रार्थना.
ते मोजत होते.

पुढच्या शरदात पश्चिमेच्या फ्योर्डांवरून होडी आली,
निरोगी कोकरं घेऊन, समुद्र लागलेली, ओली.
वडिलांनी चाकू परजला, एकीला गुडघ्यांत धरलं,
कान उलगडला.
तिथं दुसऱ्या कुणाची खूण होती, व्यवस्थित, नुकती भरलेली.
त्यांनी अंगठा तसाच ठेवला.
माझ्या हातातला कंदील जड झाला, हात बदलला,
तरी ते वाचतच होते.

सदतीसची काच मी खोक्यात उभी लावली.
अडतीस मेणात आहे.
खिडकी उघडायला हवी.