एक रकाना

ऑगस्टातली मंगळवारची रात्र. बाहेर गवतावर दव गोठतंय.
जनगणनेचा अर्ज टेबलावरून माझ्याकडे सरकतो;
या घरात इंग्रजीचं शुद्धलेखन माझ्याकडे असतं,
गॅस बंद केला का बघणं आईकडे.

घरी कोणती भाषा बोलता?
पुढे रकाना. माझ्या अंगठ्याएवढा.

बाबा, तुमची?
'वराय,' ते म्हणतात,
बुटांची वाळलेली घाण सुरीने खरवडत.
वराय म्हणजे त्यांच्या भाषेत 'नाही'. 'काही नाही'.
सामार बेटावर कुणी परक्याने विचारलं असेल,
काय आहे तुमच्याकडे,
आणि मिळालेलं उत्तर
नाव समजून लिहून घेतलं असेल.

बाबांची वराय सगळ्यांत जास्त ऐकलीय डुकरिणींनी.
पहाटेच्या पाळीला, साडेचारशे जणींना,
ते वादळाची गोष्ट सांगतात :
समुद्र आत आला, छप्पर गेलं,
मोठा भाऊ नारळाला बांधलेला होता तो…
घरी त्यांनी हे कधी काढलं नाही.
मी सुट्टीत खाद्याच्या बादल्या उचलायला गेले
तेव्हा कळलं, तेही निम्मं.
उरलेले शब्द मला येत नव्हते
आणि डुकरिणी भाषांतर करत नाहीत.

आईची हिलिगायनॉन. गुइंबाल गावची.
तिच्याकडे शिवीसुद्धा अंगाईच्या चालीवर येते.
उलट बाबांचं 'जेवलीस का' ऐकून
शेजारचे हॅल्व्हर्सन कुंपणापाशी आले होते,
सगळं ठीक आहे ना, विचारायला.

आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
प्रेटिमनबाई, वय ब्याण्णव, जाता जाता
स्वतःची भाषा विसरल्या.
आई त्यांचा हात धरून म्हणत राहिली,
पालांगा, पालांगा. म्हणजे लाडके.
अंत्यविधीला मुलगा म्हणाला,
शेवटी आईच्या तोंडी एकच नाव होतं, पालांगा,
कोण ते आम्हाला ठाऊक नाही.
आई मागच्या बाकावर होती.
काही बोलली नाही.

एकमेकांशी दोघं टागालोग बोलतात.
दोघांचीही ती शाळेतली,
म्हणजे पाहुण्यांच्या कपबश्या काढून
एकोणीस वर्षं रोजचा संसार केलाय.
कान तुटलेत काहींचे.
मनिलाहून आलेल्या नव्या फादरांना आई एकदा म्हणाली,
इथल्या कागदपत्रांनी मला फार लिबोग होतंय.
तिच्याकडे लिबोग म्हणजे गोंधळ.
टागालोगमध्ये…
जाऊ दे. मी सतरा वर्षांची आहे,
मला ते ठाऊक नसायला हवं.

घड्याळ आमच्याकडे स्पॅनिशमध्ये वाजतं.
पैसे इंग्रजीत संपतात.
डिंडो झोपेत बडबडतो ते फुटबॉलचं इंग्रजी,
खास या नदीकाठचं, शेवटची अक्षरं गिळलेलं.
आणि मी?
दोघं आपापल्या भाषेत हाक मारतात,
मी इंग्रजीत ओ देते.

'फिलिपिनो लिही आणि मोकळी हो,' बाबा म्हणतात.
'सगळे तेच लिहितात.'
'सगळे म्हणजे मनिलावाले,' आई.
मग जुंपते,
अर्थात टागालोगमध्ये.

मी मध्येच विचारते, घराला काय म्हणता तुम्ही?
बालाय, आई म्हणते.
बालाय, बाबा म्हणतात, त्याच क्षणाला,
आणि दोघंही थांबतात,
एकाच कपाटात एकदम हात घातल्यासारखी.
इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.
टागालोगमध्ये त्याला बाहाय म्हणतात,
आणि इतकी वर्षं आम्ही बाहायमध्ये राहत होतो.

आई चहा ठेवायला उठते.
मी रकान्यावर हाताची आडोशी धरून लिहिते.
अक्षरं बारीक होत जातात, रेघेबाहेर सांडतात.
मशीनला वाचता येतील की नाही, कोण जाणे.

'काय लिहिलंस?' बाबा दुसरा बूट उचलतात.
'वराय.'
ते मान वर करून बघतात.
भाषेचं नाव सांगितलं मी,
की काहीच लिहिलं नाही म्हटलं,
हे त्यांनी विचारलं नाही.
सुरी थांबली होती, ती पुन्हा चालू झाली.